पाचची बॅटरी

सोमवार, ४ मार्च

मोटारसायकलच्या डाव्या हँडलला पिशवीचा बंद लटकत होता. निळा, तुटलेला, बाईच्या खांद्यावरच्या पिशवीचा. हे शीळ घालत जिना चढत होते.

‘हा कुणाचा?’

‘कुठला?’

मी नाकासमोर धरला. ह्यांनी उलटसुलट करून बघितला. ‘अडकला असेल कुठेतरी. तुला काय, सगळीकडे गुन्हाच दिसतो!’

मला सगळीकडे दिसतं. ह्यांना डावीकडचं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने चार महिन्यांपूर्वी स्वच्छ सांगितलं — काचबिंदू. कडेची नजर गेली, परत यायची नाही, गाडी बंद. तर हे त्यालाच ऐकवून आले, ‘तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून चालवतोय मी.’

मंगळवार, ५ मार्च

कोपऱ्यावरच्या शिवणवालीचा हात गळ्यात. मनगट मोडलंय. उजवंच.

‘काल मागून कुणीतरी पिशवी ओढली बघा. चोर म्हणावा, तर पिशवी तिथेच पडलेली! मेला थांबलासुद्धा नाही.’

दोन महिने कात्री धरायची नाही, असं सांगितलंय तिला.

मी म्हटलं, ‘जपा हं.’ आणि निघाले! तेहतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात अपघातांचे दावे तपासले. समोरचा काय लपवतोय ते खुर्चीत बसायच्या आत ओळखायचे. आणि आज तोंडातून काय निघालं, तर ‘जपा हं’. शरम वाटते.

बुधवार, ६ मार्च

ह्यांना सांगितलं. शिवणवालीचा हात, तुमचं हँडल.

पांढरे पडले. मग ओरडले. ‘मी धडकलो असतो तर मला कळलं नसतं?’

‘तेच तर म्हणतेय मी!’

दार आपटून गेले. गाडीवरूनच!

लेकीला फोन केला. म्हणाली, ‘आई, टायरमधली हवा काढून टाक.’ म्हटलं, पंप आहे ह्यांच्याकडे. ‘मग विकून टाक.’ वा! आधी बापाला गिऱ्हाईक बघ, गाडीचं नंतर बघू. दूर राहून सल्ले द्यायला काय जातं.

शनिवार, ९ मार्च

गाडीची बॅटरी गेली. आपल्या मरणाने गेली, मी हात लावला नाही.

ह्यांनी कागदावर माप लिहून दिलं. स्वतः चेन साफ करत बसले होते, हात काळे. ‘तू बाजारात चाललीच आहेस, घेऊन ये.’

बॅटरीवाला कागद बघून म्हणाला, ‘चौदा अँपिअरची जागा आहे. जुनं माप, पण मिळतं अजून. सोमवारी आणून देतो.’

‘ह्याच्यापेक्षा लहान?’

‘लहान कशाला?’

‘विचारलं तेवढं सांगा.’

खालच्या फळीवरून एक काढली. फुंकर मारून धूळ उडवली. ‘ही पाचची. खाली लाकडी ठोकळा सरकवला तर बसेल. पण बाई, वर्षभर पडून आहे ही. चार्जिंगला लावली तरी धरायची नाही. त्यात ती गाडी म्हातारी, ती काय हिला भरणार? दोनदा दिवा लावला, हॉर्न वाजवला की संपलं. आणि बॅटरीत जीव नसला तर कितीही किक मारा, ठिणगीच पडत नाही.’

‘किती दिवस टिकेल?’

‘आठवडा. डोक्यावरून पाणी.’

‘द्या बांधून.’

माझ्याकडे बघत राहिला. ‘बाई, गाडीवर राग आहे का?’

घरी येऊन सांगितलं, ते माप बंद झालं, आता हीच मिळते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणारी मुलगी एक वाक्य जास्तीचं बोलते. मी बोललेच — ‘वजनालाही हलकी आहे.’

रविवार, १७ मार्च

आठ दिवस टिकली. आज सकाळी एकोणीस किका. मी स्वयंपाकघरात मोजत होते. विसावी ऐकू आली नाही तेव्हा भांडं घासायला घेतलं. दोनदा घासलं.

बुधवार, २० मार्च

सव्वीस.

मंगळवार, २ एप्रिल

प्लग बदलला. वायरी सोडून पुन्हा जोडल्या. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. सकाळी पुन्हा तेच.

वर आले आणि खुर्चीत बसले. ‘गाडीत काही दोष नाही. माझ्याच पायात जोर राहिला नाही.’

मी म्हणायला हवं होतं, पाय ठणठणीत आहे तुमचा. नाही म्हटलं. तेल गरम केलं, खाली बसून गुडघा चोळून दिला. अर्धा तास. पायाला काही झालेलं नाही, माहीत असताना! ‘बरं वाटतंय,’ म्हणाले.

कॉन्व्हेंटच्या चर्चमधली कबुलीजबाबाची ती लाकडी खोली आठवली. आम्ही मुली आत जाऊन पाप शोधायचो, एकही सापडायचं नाही, मग थापा मारायचो. आता चांगलं हातात मावत नाही एवढं आहे, तर सांगू कुणाला?

शनिवार, ६ एप्रिल

लेक म्हणाली, ‘बरं झालं बाई, आपोआप सुटली!’

आपोआप!

गुरुवार, ११ एप्रिल

चार दिवस दाढी नाही. वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता पडतं. सकाळी खाली जातात, मुकाट्याने किका मारतात, वर येतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. आज पाचच मारल्या.

चहा घेऊन गेले. म्हटलं, ‘उठा, पायी फिरून येऊ.’

‘कुठे?’

‘नाक्यापर्यंत.’

‘नाक्यावर काय आहे?’

काहीच नाही, खरं आहे. पण गाडी होती तेव्हा ह्यांना नाक्यावर रोज काहीतरी सापडायचं! चपला घालून उभी राहिले, तरी तोंड वळवलं नाही.

ह्यांना रस्त्यावर मरू द्यायचं नव्हतं. कुणाला मारूही द्यायचं नव्हतं. ते जमलं. आणि आता हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर, पलंगावर, स्वच्छ चादरीवर संपत चाललाय. दाव्याच्या कागदावर ‘कारण’ असा एक रकाना असायचा. रिकामा ठेवला की मी अर्ज परत पाठवायचे.

उद्या दुकान बंद. परवा जाऊन चौदाची आणते. बसवते. सगळं सांगते. मग ओरडू देत, घराबाहेर काढू देत. गाडीवर मागे बसेन मी, डावीकडे बघत.

शनिवार, १३ एप्रिल

बॅटरीवाल्याला म्हटलं, चौदाची द्या. तो हललाच नाही.

‘बाई, साहेब येऊन गेले. झाले की वीसएक दिवस. चालत आले होते, शिवणवालीकडून. तिला सांगून आले म्हणाले, हात मोडणारा मीच. मी म्हटलं, बाईंना मी चुकीची दिली, बदलून देतो. तर म्हणाले, ती चुकीचं काही घेत नाही. राहू द्या. आणि तिला कळू देऊ नका.’

रिकाम्या हाताने परत आले. हे अंगणात उभे, घामाघूम, एक हात सीटवर.

‘आत्ताच जराशी धुगधुगली गं. ऐकलंस?’

‘ऐकलं,’ म्हटलं.