पूर्वेकडचे ठोके

३ मे, मंगळवार

आलो एकदाचे! सोलो शहराहून बस, बसनंतर बैलगाडी आणि शेवटचा तुकडा पायी, कारण गाडीवानाने पाटावरचा बांबूचा पूल बघितला आणि बैलांच्या वतीने नकार दिला. लास्मीला सातवा महिना लागलाय, तरी पूल माझ्याआधी तिनेच पार केला. मी डोक्यावर गादी घेऊन मधोमध अडकलेलो आणि मागून आमची नवी शेजारीण यू पाइनी, म्हणजे पाइनीताई, ओरडतेय, "मास गुनादी, पाय शहरातच विसरून आलात की काय?" काठावरची पोरंटोरं हसून लोळायची बाकी होती.

घर माझ्या विर्यो काकांचं. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं, म्हणून घर आणि मागचं भाताचं खाचर माझ्याकडे आलं. अठरा वर्षं मी दुसऱ्याच्या कारखान्यात कापडावर बाटिकचे ठसे मारले, मेणाने हात भाजून घेतले. आता स्वतःच्या बांधावर उभं राहून लघवी करायला मी मोकळा आहे. लास्मी म्हणते, असलं वहीत लिहू नये. लिहिलं.

तेगालवुंगू गावाचं हे पूर्वेकडचं शेवटचं घर. पाटाच्या या अंगाला आम्ही एकटेच, त्या अंगाला सगळं गाव. आमच्या पूर्वेला आमचं खाचर, मग नदी, मग काही नाही.

५ मे, गुरुवार

आज घराची शांत केली. अंगणात चटया टाकल्या, पिवळ्या भाताचा ढीग, खोबरं घातलेली पालेभाजी, आंबवलेल्या सोयाबीनचे तेंपे, खारे मासे. पुरुष आले, दुआ झाली, चार घास खाऊन उरलेलं केळीच्या पानात बांधून जो तो घरी घेऊन गेला. लास्मीचं पोट बघून बायकांनी मुलगाच होणार हे ठरवून टाकलं.

वळचणीला एक रिकामी खुंटी दिसली. बाकी प्रत्येक घराला केंतोंगन, म्हणजे ठोके देऊन खबर द्यायचं पोकळ लाकूड, टांगलेलं आहे, आमच्याच घराला नाही. मी कालच माळ्यावरून काकांचं जुनं काढलं, फणसाच्या लाकडाचं, हातभर लांब, मधे उभी चीर. पुसून टांगलं. ठोके मला लहानपणापासून पाठ आहेत. सावकाश एकेक म्हणजे कुणाचा तरी जीव गेला, दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर. इथली एक रीत मात्र मला नवी. आवाज ज्या बाजूने येईल, त्या बाजूच्या पहिल्या घराने आधी वाजवायचं, मग त्याच्या पुढच्याने. पाळी सोडून वाजवणं म्हणजे शेजाऱ्याला बहिरा म्हणणं. यू पाइनीच्या नवऱ्याने एकदा पाळी सोडली, तर शेजारी तीन महिने बोलत नव्हता. "आणि आग खरी होती बरं का," ती म्हणाली.

गावातले सगळ्यांत म्हातारे आजोबा, म्बाह सोद्रोनो, जाताना त्या केंतोंगनपाशी थांबले. म्हणाले, इतकी वर्षं या घराचं अडलं नाही, तुलाच काय घाई? मी हसून म्हटलं, म्बाह, शेवटच्या घरालाच तर राखणीची जास्त गरज. म्बाह पानात बांधलेलं जेवणही चटईवरच ठेवून गेले.

११ मे, बुधवार

सकाळी खाचरात तण काढत होतो. दोन ठोके आले, परत दोन. लांबून, पण अगदी स्पष्ट. धावत जाऊन मी वाजवलं, पलीकडे यू पाइनीने घेतलं, आणि बघता बघता गावभर पोचलं. दहा मिनिटांत पंचवीस माणसं कोयते घेऊन माझ्या अंगणात! आपल्या कामगिरीवर मी खूश. मग कुणीतरी विचारलं, चोर कुठाय? मी म्हटलं, मला काय माहीत, मी नुसतं पुढे दिलं. कुठून आलं? मी नदीकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी कोयते खाली केले. थोड्या वेळाने कुणी सुतारपक्ष्यावर विनोद केला, तेव्हा सुटल्यासारखे हसले आणि भराभर पुलावरून परत गेले.

१२ मे, गुरुवार

दोन्ही शेळ्या गेल्या. दावी खुंट्याला तशीच आहेत. गळ्याचा फास न सुटलेला, गाठ घट्ट. दावी ओली होती. पाऊस नाही आणि दंवही इतकं पडत नाही.

यू पाइनी म्हणाली की नीट बांधल्याच नसतील, शहरी गाठ! मी हसलो. पण शेळीचं डोकं त्या फासातून निघत नाही. मी मूठ घालून पाहिली.

१५ मे, रविवार

दुपारी तीन-तीन ठोके. पूर्वेकडूनच. लास्मीनेही ऐकले, म्हणजे माझ्या कानांचा दोष नाही. क्षणभर हात थांबला. पण आगीचे ठोके ऐकून गप्प बसणारा माणूस कसला? वाजवलं. बादल्या घेऊन माणसं आली. आग कुठेच नाही. या खेपेला कुणी विनोद केला नाही. लुराह, म्हणजे आमचे गावप्रमुख, मला बाजूला घेऊन फार नरमाईने म्हणाले की माझी तब्येत बरी नसेल तर तालुक्याला डॉक्टर आहेत. ते पूलही उलट्या पावलांनी उतरले, घराकडे बघत.

१६ मे, सोमवार

स्वयंपाकघर जळालं. भर दुपारी. चूल सकाळपासून थंड होती. लास्मी शेजारच्याच खोलीत झोपलेली. मी तिला ओढत बाहेर काढलं आणि ती पायरीवर पडली. रात्री थोडं रक्त गेलं. सुईणबाई आल्या, म्हणाल्या, मूल आहे जागेवर, पण दहा दिवस हिला गादीवरून हलवायचं नाही, न्हाणीपर्यंतसुद्धा नाही.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

१८ मे, बुधवार

म्बाह सोद्रोनोंकडे गेलो आणि सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हणालो. त्यांनी सांगितलं.

नदीकाठी वारुपेंदेक नावाची वाडी होती, चौतीस घरांची. बारा वर्षांपूर्वी पहाटे तिकडून चार-चार ठोके आले. पहिली पाळी विर्यो काकांची. पूर कळला असता तर गावाने पाटाचं दार उघडलं असतं, आणि पाणी वाडीपासून वळून काकांच्या खाचरातून गेलं असतं. खाचरात कापणीला आलेलं भात उभं होतं. काका वळचणीखाली उभे राहिले आणि त्यांनी वाजवलं नाही. ठोके बराच वेळ येत होते. मग थांबले.

मी विचारलं, म्बाह, तुम्ही ऐकले होते? ते हाताच्या नखांकडे बघत म्हणाले, सगळ्यांनीच ऐकले होते रे बाळा. पण पाळी विर्योची होती. आम्ही त्याने वाजवायची वाट बघत बसलो.

त्यानंतर काकांनी केंतोंगन माळ्यावर टाकलं. ते मी पुसून टांगलं. आता तिकडून जे येतं ते जो पहिला घेतो, त्याच्याच दारी येतं.

१९ मे, गुरुवार

माझ्याच ओसरीवर गावाची बैठक. मीच बोलावली, कॉफी मीच केली. मी हात जोडून म्हणालो की मला यातून सोडवा. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मग म्बाह सोद्रोनोंनी तोड काढली. आजपासून पूर्वेकडून काहीही आलं तरी तेगालवुंगूतल्या कुणी पुढे द्यायचं नाही, दार उघडायचं नाही. हाक आली तरी नाही, मग आवाज कुणाचाही का असेना. वाडीवाले ओळखीचे आवाजही काढतील, म्हणाले.

पहिला होकार माझा. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळे एकापाठोपाठ हो म्हणाले. यू पाइनी मात्र काहीतरी बोलायला गेली, लुराहकडे पाहिलं आणि गप्प बसली. एकमत झाल्यावर वेगळं बोलायची इथे पद्धत नाही.

केंतोंगन फोडून जाळलं. फणसाचं लाकूड, धूर फार.

२१ मे, शनिवार

एकेक ठोका. सावकाश. सकाळपासून.

मी काही केलं नाही. लास्मीच्या कानांवर हात ठेवून बसलो. ती म्हणाली, अहो, कुणीतरी गेलंय, कळवायला नको का?

गावातही कुणी वाजवलं नाही. शब्द पाळला त्यांनी.

२२ मे, रविवार

पुलावर यू पाइनी भेटली. म्हणाली, दहा दिवस पुरे होऊ दे, बुधवारी चौघं जण येऊन लास्मीला बाजेसकट उचलून आमच्याकडे आणतील. मी विचारलं, बैठकीत काय बोलणार होतीस? तिने माझ्या घराकडे बघितलं, मग आपल्या घराकडे. म्हणाली, बुधवारपर्यंत काळजी घे, मास.

तेव्हा नाही कळलं. आत्ता, हे लिहिताना—

गावाच्या पूर्वेला कोण राहतं? आम्हीच राहतो.

२३ मे, सोमवार

पाटाचं पाणी चढलंय. पाऊस नाही, आकाश कोरडं ठणठणीत. लास्मीला सारखं सांगतो आहे, दोनच दिवस.

खाचरातली रोपं सगळी एका बाजूला आडवी झाली आहेत, कुणी तुडवत आल्यासारखी. तोंड घराकडे.

२४ मे, मंगळवार क्लिवोन (इथल्या पंचांगात भुताखेतांचा दिवस)

सकाळ. पूल नाही. पाणी पायरीला लागलं.

लास्मीला कळा सुटल्या. दोन महिने आधी—

हाका मारतो आहे. यू पाइनी अंगणात होती. तिने ऐकलं. मला दिसलं की तिने ऐकलं. आत गेली, खिडकी लावून घेतली. मी ओरडलो, मी आहे, गुनादी, माणूस आहे मी! पुढच्या घराचीही खिडकी लागली. त्याच्या पुढच्याचीही. पाळीने.

पोहून जायचं म्हटलं, पण लास्मी हात सोडत नाही. फार रक्त आहे.

भाताचं उखळ उलटं घातलंय. मुसळाने वाजवतो आहे. चार, चार, चार. कुणीतरी पुढे द्या रे. एकाने तरी पाळी सोडा—

दुपार असावी. गावातून काही नाही. कोंबडासुद्धा नाही.

थांबलो. हात सोलले.

आलं. चार ठोके. कुणीतरी माझे घेतले, पुढे दिले. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने, अगदी रीतीने, एकामागून एक. किती घरं—चौतीस मोजली मी—

पूर्वेकडून.

पाण्यातून येताहेत. पुष्कळ आहेत. गडबड नाही. पुढे बायका आहेत, एकीच्या हातात परात, सुईण आणते तशी. मदतीलाच आल्यासारख्या. कुणी भिजल्यासारखं दिसत नाही, पण पाणी त्यांच्याबरोबर चढतंय, बाजेच्या पायाला—

हाक मारताहेत. विर्यो म्हणताहेत मला. विर्यो, ऐकलं आम्ही, आलो.

लास्मी हसते आहे. म्हणते, आले हो शेजारी, दार उघडा, किती वेळ उभं ठेवणार. म्हणते, नाहीतर मीच उठ—

नको लास्मी, कडीला हात नको ला