नाव घातलेली चाळीस ताटे

मी, सत्यभामाबाई भ्रतार कैलासवासी उद्धवराव बिरादार, वय अंदाजे एकसष्ट, राहणार मौजे राजेश्वर, जिल्हा बिदर, हे मृत्युपत्र सांगून लिहविते. गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दाब नाही, दाबणारे दमले.

शेती दीर राघोबा यांच्या नावे आहे. तिच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. त्यांच्याविषयी आहे.

१. पती वारले त्याच महिन्यात राघोबा भावजींनी माझे लग्नातले पितळी ताट मोडीत घातले. त्यावर वडिलांनी माझे नाव घालून दिले होते. मी हुमनाबादला कासाराकडे धावले, तोवर ते वितळले होते. ढिगात नाव घातलेले दुसरे ताट होते. कासाराने वाचले, "नागव्वा, मैलूरची." जोडवी आता पायात घालायची नव्हतीच, ती देऊन ताट सोडवले आणि मैलूर गाठले. नागव्वाने ते छातीशी धरले. म्हणाली, "अक्का, माजं नाव एवढ्या एकाच जागी लिवलंय बघ."

भावजींना मी माफ केलेले नाही. हे त्यांना वाचून दाखवावे.

२. पुढे बावीस वर्षे गोधड्या शिवून अशी जुनी ताटे मोडीतून सोडवली. पत्ता लागला त्या बायकांना दिली. उरलेली चाळीस शेजारच्या चनमल्लप्पांची लेक शिवगंगा हिला द्यावीत. मला अक्षर येत नाही. नाव मराठी असो की कानडी, तीच वाचते. नावाची बाई किंवा तिची लेक आली, तर काही न घेता ताट हाती द्यावे.

३. लढाईमुळे पितळ महागले, तसा पुतण्या गुंडेराव तराजूवाल्याला घेऊन आला. "काकू, एवढं पितळ दाबून कामून बसलीस?"

"मी जिती हाय तवर तराजू उंबऱ्याभाईर."

मेल्यावरही बाहेरच. एकही ताट वितळवू नये. गुंडेरावास माझी म्हैस द्यावी; तिला तो जीव लावतो.

४. तेराव्याचे जेवण याच ताटांत वाढावे. बायकांची पंगत आधी.

गेल्या आठवड्यात शिवगंगेने हे गुंडेरावास वाचून दाखवले. मग तो म्हणाला, "मंगळवारी निंबर्ग्याला जायलाय मी. तिथल्या बसम्माचं ताट दे, नेऊन देतो." माझ्या गुडघ्यांमुळे ते पोचवायचे राहिले होते. शिवगंगा नको म्हणाली, मी दिले.

काल तो मोकळ्या हाताने परतला. बैल सोडता सोडता म्हणाला, "म्हातारी रडायली, काकू."

म्हणून कलम दोनमध्ये 'एकेचाळीस' खोडून 'चाळीस' केले आहे. ही खाडाखोड माझ्या संमतीची आहे.

निशाणी अंगठा: सत्यभामाबाई
साक्षीदार: ईरण्णा, मल्लप्पा
लिहिणार: बंडेप्पा
मुक्काम राजेश्वर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६६, फसली १३५४