स्टुलावरून दिसणारं वळण

सोमवार, ४ फेब्रुवारी

गेट आमच्या गल्लीत! नकाशा आला. मागच्या मैदानावर हायस्कूल होणार हे दोन वर्षं ऐकतोय. त्याला कोणाची ना नव्हती, माझीही नव्हती. शाळा म्हणजे चांगलंच. पण नऊशे पोरांचं गेट आमच्या घरासमोर — माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीच्या अगदी नाकासमोर! आणि पलीकडच्या अंगाला एवढा मोठा मुख्य रस्ता मोकळा पडलेला!

कर्नल सकाळी सातलाच नकाशाची प्रत घेऊन हजर. (तो कर्नल कधीच नव्हता. विमा कंपनीत होता. मिशांमुळे नाव पडलं.) म्हणाला, "सकाळी नऊशे, दुपारी नऊशे, वर त्यांना सोडायला येणाऱ्या गाड्या. आपले पत्ते संपले समज." एकोणीस वर्षं आम्ही रोज दुपारी चारला माझ्या व्हरांड्यात पत्ते खेळतो. दोघांचे वाढदिवस चुकले असतील, डाव चुकला नाही.

हरकती पंधरा तारखेपर्यंत द्यायच्या. सुनावणी पंचवीसला.

ही म्हणाली, "मुलं कुठून तरी आत जाणारच ना हो." म्हटलं, जाऊ देत की कुठूनही. इथून नकोत.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

कर्नलच्या घरी गल्लीची बैठक. माणसं सव्वीस, खुर्च्या चौदा. सगळे एकदम बोलत होते. ठरलं असं — गेट मुख्य रस्त्यावर न्यावं, अशी हरकत घ्यायची. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने खडा टाकला. "पण तिकडे गोदामाचं वळण आहे. गाड्या दिसतात का तिथे?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले! का नाही बघणार? त्याच रस्त्यावर एकतीस वर्षं बस चालवली मी. म्हटलं, "ते वळण मला तोंडपाठ आहे. अगदी स्वच्छ. लांबवर दिसतं." कर्नल म्हणाला, "ऐका! एकही अपघात नसलेला माणूस बोलतोय." टाळ्या!

खोटं कशाला लिहू — बरं वाटलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मला लोकांनी विचारलेला सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे 'रिमोट कुठे ठेवलात?'

ठरलं, नुसतं बोलून भागायचं नाही. मोजमाप करून अर्जाला जोडायचं. जबाबदारी माझी.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

मोजमाप झालं. नीट लिहून ठेवतो.

ड्रायव्हरची नजर सीटवरून मोजायची असते, जमिनीवरून नाही. हे त्या ऑफिसातल्या लोकांना कोण सांगणार! म्हणून स्वयंपाकघरातलं उंच स्टूल नेलं. त्यावर उभा राहिलो की नजर बरोबर बसच्या सीटइतकी येते. वळणाच्या अलीकडे सत्तर पावलांवर स्टूल ठेवलं. वळणाच्या पलीकडे, जिथे गेट यावं असं आम्ही म्हणतोय तिथे, हिला उभं केलं. हातात झाडूचा दांडा, त्याला लाल फडकं.

स्टुलावर चढलो. फडकं लख्ख दिसलं! सत्तर पावलांवरून! एवढ्यात बस आरामात थांबते, अगदी पोटातलं पाणी हलू न देता. तीनदा बघितलं, तीनदा वहीत लिहिलं.

परत आलो तर ही म्हणते, "मला तर तुम्ही दिसलाच नाहीत. नुसती भिंत."

"एवढा सहा फुटी माणूस, त्यात स्टुलावर. आणि दिसला नाही?"

"नाही दिसलात. म्हणून तर मी तिथून रोज कान देऊन जाते."

हिची थोरली बहीण त्या रस्त्यापलीकडे राहते. अंथरुणाला खिळलेली आहे. अकरा वर्षं ही रोज संध्याकाळी तिच्याकडे जाते, म्हणजे तो रस्ता कानाने ओलांडते! खूप हसलो. पण मग काळजी वाटली. साठी उलटली हिची. मोतीबिंदू असणार. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, बुधवारची.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

अर्जाचा मसुदा. माझं मोजमाप परिशिष्ट एक. 'अनुभवी चालकाचे प्रत्यक्ष निरीक्षण' — हे शब्द कर्नलचे, मी नुसतं नको नको म्हटलं.

हिने एक पाकीट आणि तिकीट मागितलं. बहिणीचं पेन्शनचं काही असेल.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

अर्ज दिला. अडतीस सह्या, एका घराची एक. आमच्या घराची माझी. खिडकीतल्या बाबूने शिक्का असा मारला की जणू त्याच्या घरासमोरच गेट येतंय. कर्नलने येताना उसाचा रस पाजला. डाव मीच जिंकलो.

बुधवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी हिला तक्ता वाचायला लावला. हिने सगळ्या ओळी धडाधडा वाचल्या. खालची बारीकही. मग त्याच्याही खाली छापखान्याचं नाव असतं ना — तेही वाचलं!

डॉक्टर म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. आता तुम्ही बसा बघू." बसलो. मोतीबिंदू मलाच. सुरुवात आहे म्हणे.

हात दाखवून अवलक्षण! रिक्षात ही नुसती बाहेर बघत होती, आणि ओठ दाबून ठेवले होते.

पण मग एक गोष्ट डोक्यात राहिली. हिचे डोळे चांगले. तर मग मी दिसलो का नाही?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

संध्याकाळी म्हटलं, "चल, आज मीही येतो ताईंकडे." ही चपला घालता घालता थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा! मी कुठे जायचं तर बसने जातो, आणि ती फेरी मारून मला आमच्याच बाजूला उतरवते. त्या रस्त्यावरून मी लाखो वेळा गेलो. ओलांडला कधीच नाही.

वळणाशी पोचलो. गोदामाची भिंत माझ्या खांद्याएवढी. वरून पलीकडचं सगळं दिसत होतं. गाड्या, खांब, पार सिग्नलपर्यंत. म्हटलं, "हे बघ, दिसतंय की!" ही भिंतीला टेकून उभी राहिली, मान थोडी तिरकी केली. ऐकत होती! एक ट्रक गेला. एक मोटारसायकल. मग "आता" म्हणाली आणि माझं कोपर धरून मला पलीकडे नेलं. लहान पोराला नेतात तसं.

परत येताना मी वळणापाशी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकलो. डोकं वर केलं तर — भिंत. नुसती भिंत. रस्ता नाही, गाडी नाही, काही नाही. आणि कानाजवळून एक टेम्पो सुसाट गेला. तो येताना दिसलाच नव्हता.

एकतीस वर्षं मी बसच्या सीटवरून या भिंतीच्या वरून बघत आलो. ही भिंत इथे आहे हेच मला माहीत नव्हतं!

हिची उंची पाच फुटाला दोन इंच कमी. सातवीतलं पोर केवढं असतं? आणि गाडीवाल्यालासुद्धा ते पोर दिसायचं नाही. मला जे दिसलं ते झाडूच्या दांड्यावरचं फडकं होतं. पोरं काय डोक्यावर दांडे बांधून शाळेत जाणार आहेत?

भीती वाटली. खरंच भीती वाटली. अडतीस सह्या, आणि वर परिशिष्ट एक.

शनिवार, १६ फेब्रुवारी

हरकतींची मुदत कालच संपली. डाव हरलो. कर्नल म्हणाला, "लक्ष कुठाय?"

मंगळवार, १९ फेब्रुवारी

डाव हरलो.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आज सांगितलं कर्नलला. पत्ते वाटता वाटता. सगळं सांगितलं — स्टूल, भिंत, टेम्पो. त्याने पत्ते खाली ठेवले.

"कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना."

"अरे, तू बोलूसुद्धा नकोस मग. नुसता शेजारी बस. बाकी मी बघतो."

त्याला दुष्ट म्हणवत नाही. हा माणूस माझ्या ऑपरेशनच्या वेळी तीन रात्री दवाखान्यात बाकावर झोपला होता. त्याला फक्त चार वाजताचा डाव हवाय, शांततेत. मलाही तोच हवाय. तिथेच तर घोडं पेंड खातंय!

हिला विचारलं, काय करू. पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते." एरवी साध्या पडद्याच्या रंगावर तासभर बोलते बाई!

सोमवार, २५ फेब्रुवारी

सुनावणी. समितीचे आठ लोक, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. प्रत्येक बोलणाऱ्याला तीन मिनिटं. बाजूला नकाशे करणारी इंजिनीअर बाई, तिच्यापुढे वीतभर जाडीची फाईल.

मी स्टूल घेऊन गेलो होतो. दारातला शिपाई म्हणाला, "आत खुर्च्या आहेत आजोबा." म्हटलं, असू देत. कर्नलने स्टुलाकडे बघितलं, त्याला वाटलं मी आमच्याच बाजूने प्रयोग करून दाखवणार. खूश झाला. माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून जाणवतेय.

तो छान बोलला. मग माझं नाव पुकारलं. स्टूल टेबलासमोर ठेवलं आणि चढलो. म्हटलं, "मी बस ड्रायव्हर. इथून मला अध्यक्षांच्या मागची खिडकी दिसते, खिडकीबाहेरचं झाडही दिसतं. मोजमाप मी इथून केलंय." मग उतरलो आणि गुडघ्यांवर बसलो. "इथून मला फक्त टेबलाची फळी दिसतेय. शाळेत जाणारं पोर इथे असतं. गोदामाच्या वळणावर गेट नको. माझं परिशिष्ट मी मागे घेतो. गेट गल्लीतच असू द्या — माझ्या घरासमोर."

मागून कोणीतरी "वा रे वा!" म्हणालं, ते कौतुक नव्हतं. उठायला गेलो तर गुडघे उठेनात! एवढं मोठं भाषण केलं आणि टेबलाखालीच अडकलो. शेवटी इंजिनीअर बाईंनीच हात दिला.

मला उठवून त्यांनी फाईल चाळली. एका कागदावर थांबल्या. "तुमचं घर क्रमांक सात ना?"

"हो."

"अच्छा," म्हणाल्या आणि फाईल मिटली. हसत होत्या का कोण जाणे.

बाहेर कर्नल म्हणाला, "नाक कापलंस माझं." परतीच्या बसमध्ये तो मागे बसला, मी पुढे. मधल्या सगळ्या सीट रिकाम्या.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

चार वाजले. कोणी नाही. पाच वाजले. पत्ते आत ठेवले.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

औषधवाल्याने सुट्टे पैसे काउंटरवर ठेवले, हातात दिले नाहीत. गल्लीत माझं नाव 'स्टूल' पडलंय. चांगलं आहे, 'कर्नल'पेक्षा खरं तरी आहे.

पण वाईट वाटतं. चार वाजले की फार वाटतं.

रविवार, ३ मार्च

ही येऊन समोर बसली. "मला शिकवा." शिकवलं. तीन डाव झाले, तिन्ही हिने जिंकले. म्हटलं, आधीपासून येत होतं की काय? म्हणाली, "एकोणीस वर्षं चहा घेऊन येतेय. येता-जाता दिसायचंच की."

सोमवार, १८ मार्च

समितीचं पत्र आलं. गेट गल्लीतच. शाळा भरताना-सुटताना गल्लीच्या तोंडापासून पुढे गाड्यांना बंदी, पोरं तिथून पायी येणार. गोंगाट होईल, पण गाड्यांचा नाही. पत्राची प्रत घेऊन कर्नलकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. वाचली, मिशीवरून हात फिरवला, म्हणाला, "गाड्या नाहीत? हे आधी नाही सांगितलंस." मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत होतं. चार वाजता येतोस का, विचारलं. 'बघू' म्हणाला, म्हणजे येणार.

मग घरी येऊन पत्राची मागची पानं वाचली. गल्लीतल्या गेटच्या बाजूने आलेली मतं — एकूण दोन. दुसरं माझं, सुनावणीतलं, तोंडी. पहिलं लेखी, पोस्टाने आलेलं. घर क्रमांक सात. तारीख ८ फेब्रुवारी. मोजमापाच्या दुसऱ्याच दिवशी! डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या पाच दिवस आधी! अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. ही आत भाजी चिरतेय, मी अजून काही बोललो नाही. सगळंच उतरवून ठेवतो —

'माझे यजमान एकतीस वर्षे बस चालवत होते. त्यांच्या हातून कोणाला खरचटलेही नाही. ते मोजमाप देतील ते प्रामाणिक असेल, पण ते स्टुलावरून केलेले आहे. मी त्या वळणावर अकरा वर्षे रोज पायी रस्ता ओलांडते. माझी उंची चार फूट दहा इंच. तिथे काहीही दिसत नाही. हे त्यांच्या लक्षात येईल आणि मग ते स्वतःच तुम्हाला येऊन सांगतील. फक्त त्यांना थोडा वेळ लागतो. तोवर हे पत्र फाईलमध्ये असू द्यावे.'