भियाला गाडीत बसवताना

६ नोव्हेंबर
धारहून केतकीचा फोन. तळमजल्याचं घर मिळालं, मागे अंगण, घरमालकाला कुत्रा चालतो. "बाबा, आता भियाला घेऊन जाईन. पुढच्या महिन्यात येते." म्हटलं, ने बाई, तुझाच आहे. दुसरं काय म्हणणार?

पुष्कर आणि ती वेगळे झाले तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून इकडे देवासला माझ्याकडे ठेवला होता. थोडे दिवस म्हणता म्हणता दुसरी दिवाळी झाली. सुनेचं नातं कागदोपत्री संपलं. पण बाबा म्हणू नकोस असं तिला कोणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.

७ नोव्हें.
अडचण एकच. भिया गाडीत बसत नाही. इंदूरचं घर मोडलं त्या दिवशी पुष्करने मागच्या सीटवर कोंबून आणला, वाटभर ओकला. तेव्हापासून गाडीचं दार वाजलं की हा पलंगाखाली.

के. म्हणाली, ओढायचं नाही, ओरडायचं नाही. थोडंसं जरी बरोबर केलं की लगेच खाऊ. उकडलेलं चिकन द्या. म्हटलं, ह्या घरात? तुझ्या सासूचा फोटो भिंतीवरून उडी मारेल. शेवटी पनीर ठरलं. शेव नाही, मसाला असतो म्हणे. माळव्यात राहून शेव नाही! कमाल आहे.

९ नोव्हें.
माझ्या खटारा गाडीचं कव्हर काढलं. दार उघडं टाकून आत पेपर वाचत बसलो. भिया फाटकाशी. एक पाऊल पुढे, पनीर. परत मागे. सकाळभर एवढंच.

बाजूचे यादवजी गॅलरीतून, "काका, एक चपत लगाओ, अपने आप बैठेगा." म्हटलं, आपके चिंटू को लगाई थी न, पास हुआ क्या? आत गेले.

हे नावही पुष्करचीच अक्कल. इकडे भावाला 'भिया' म्हणतात, गल्लीत हाक मारली की चार माणसं वळून बघतात, कुत्रा सोडून.

१२ नोव्हें.
के.ला सांगितलं, जेवताना मात्र हा शहाणा. मी पाटावर बसतो, ताटाभोवती पाणी फिरवतो, मंत्र पुटपुटत चित्राहुती घालतो, की हा माझ्या उजव्या हाताला येऊन बसतो. चित्राहुतीचा वरणभात नाकासमोर असतो, पण माझं जेवण होऊन 'घे' म्हणेपर्यंत तोंड लावत नाही. कोणी शिकवलं?

हसत सुटली. "तुम्हीच की, बाबा! रोज तेच, त्याच वेळेला, आणि शेवटी वरणभात. इसीको तो ट्रेनिंग कहते हैं."

मला काही शिकवता येतं असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. पुष्करला विचारा! बरं वाटलं. मग फोन ठेवला आणि कुकर लावला.

१७ नोव्हें.
पुढचे दोन पाय आत. मागचे दोन देवासच्या रस्त्यावर. पाठीला रग लागली, माझ्या.

पुष्करचा फोन. "कशाला झंझट बाबा, तिचा कुत्रा ती बघेल." म्हटलं, बाकी सगळं ठीक. म्हणजे काय ठीक, ते त्याने विचारलं नाही.

२१ नोव्हें.
चढला! आपणहून! सीटवर बसून माझ्याकडे बघतोय, आता काय? पनीरचा सगळा तुकडा दिला.

संध्याकाळी के.ने विचारलं, बसतो का? म्हटलं, छे, अजून घाबरतो. निघून गेलं तोंडातून. "असू दे, घाई नको. डिसेंबर नाही तर जानेवारी."

२२ नोव्हें.
पनीर आणलं नाही. गाडीवर कव्हर घातलं.

नेहमीच्या वेळेला भिया गेला आणि झाकलेल्या गाडीच्या दाराशी बसला. शहाण्यासारखा. किती वेळ. मी खिडकीतून बघत होतो. लाज वाटली.

मला तो जायला नकोय. झालं, लिहिलं एकदा. आणि तो गेल्यावर के. फोन कशाला करेल? माझी तब्येत विचारायला? सख्खा मुलगा करत नाही.

२३ नोव्हें.
फोन करून सांगितलं, चढतो. परवाच चढला होता. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, बाबा."

३० नोव्हें.
इंजिन चालू करून बसवला. मग गल्लीच्या टोकापर्यंत. आज टेकडीच्या रस्त्याला जाऊन आलो. ओकला नाही. खिडकीतून नाक बाहेर काढून बसला होता. मलाही घराबाहेर पडून फार दिवस झाले होते.

६ डिसें.
के. आली. वाळली आहे. पोहे खाल्ले. आमच्या हिच्या फोटोला नमस्कार केला.

भिया तिच्या अंगावर काय उड्या मारत होता! पण तिने गाडीचं दार उघडलं तर जागचा हलेना. पनीर दाखवलं, नाव घेतलं, तरी नाही. माझ्याकडे बघत उभा.

"बाबा, तुम्ही सांगा."

सांगितलं. चल, बस. एका उडीत आत. बरोबर केलं की लगेच द्यायचं, म्हणून दिलं. हात चाटला. दार मीच लावलं.

जेवलो नाही.

७ डिसें.
दुपारी फोन. कालपासून तोंडात घास घेतला नाही, कोपऱ्यात बसलाय. "बाबा, स्पीकरवर टाकते. तुमचं ते पाणी, मंत्र, करा ना."

म्हटलं, थांब, भात टाकतो. त्याच्याशी खोटं नको. खरं तर मीही कालपासून चहावरच होतो.

वाढून घेतलं. पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या. तिकडून के. हळूच, "उठला... आला... बसला, बाबा! फोनच्या उजवीकडे बसलाय. तुमचं ताट शोधतोय."

सावकाश जेवलो. मग म्हटलं, घे. चपचप आवाज आला. मला रडू आलं, तिला कळलं असणार.

"उद्या?" मी विचारलं.
"उद्या मला शाळेत शिकवायला जायचंय. सुटले की करते. म्हणजे, बघते."

८ डिसें.
शाळा सुटून गेली असेल. वाटेत असेल. किंवा त्याने आज तिच्या हातचं खाल्लं असेल. खाल्लं असेल तर चांगलंच आहे, तसंच व्हायला हवं.

ताट वाढून बसलोय. फोन उजव्या हाताला ठेवलाय. वरणावर साय धरली. पाणी अजून फिरवलेलं नाही.