कोरडी बादली

एलादियो,

आठच्या बसने मी एकटीच गावी चाललेय. तुला उठवलं नाही, कारण उठून तू पुन्हा तो नकाशाच उघडला असतास. आठवडाभर तुझं एकच चाललंय, गाडी कुठे लावायची, करडाचं मटण कुठल्या खानावळीत चांगलं मिळतं. अरे, आपण दोघं भावंडं त्या डोंगरावर जन्मलो. फोटो काढायला येणाऱ्या जर्मन माणसासारखा बेत काय आखतोस? तुला एकच काम सांगितलं होतं, रात्री चुना भिजत घाल. सकाळी पाहते तर बादली कोरडी, पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नाही.

परवा सर्व संतांचा सण, गेलेल्यांच्या आठवणीचा. गाव फुलं घेऊन येईल तेव्हा आपली थडगी पांढरी दिसायला हवीत. गावातल्या विर्तुदेस मावशीकडून थोडा मुरलेला चुना मागून आज बाबांच्या थडग्याला हात देऊन येते. आईच्या नाही देणार, ते तुझ्यासाठी ठेवते. ती गेल्यापासून तू वर गावात पाऊल टाकलेलं नाहीस, आणि का, ते मी कधी विचारलं नाही.

जाताना चुना भिजवलाय. बोट घालून बघू नकोस, भाजेल. उद्यापर्यंत मुरेल. ब्रश आईचाच आहे, दाराशी ठेवलाय.

एन्कार्ना