तिसऱ्यांदा न विचारलेलं

१२ जानेवारी १९८४, हॉलबर्ग, मिनेसोटा

एल्डन लुंड जगतील. शेरीफच्या ऑफिसातल्या बाईनं फोनवर पक्कं सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर. बंद पडलेल्या पिकअपमध्ये पाच तास, बाहेर शून्याखाली वीस. दुधाच्या टँकरवाल्याला संध्याकाळी सातला दिसले. पाय काळेनिळे पडलेत.

'तुम्ही नात्यातले?' तिनं विचारलं. म्हटलं, नाही, पेपरात लिहितो. तेवढंच सांगितलं.

काल दुपारी दोनला मी त्यांच्याशेजारी गाडी थांबवली होती.

१३ जानेवारी

जसं घडलं तसं लिहून ठेवतो. काच खाली करून विचारलं, 'गावात सोडू का?'

'छे छे, तुम्ही व्हा पुढं. पोरगी येईलच.'

'नक्की?'

'अहो, मजेत आहे मी. थंडी कुठं फार आहे?'

नाकाचा शेंडा पांढराफटक पडला होता. दिसला मला.

निघालो. अडीचला फोनवरून मजकूर सांगायचा होता. विषय – इथल्या माणसांची 'नको' म्हणायची रीत. कॉफी विचारा – 'नको.' पुन्हा विचारा – 'कशाला त्रास.' तिसऱ्यांदा विचारा – 'बरं, अर्धा कप.' मग तीन कप पितात. ट्रेमधला केकचा शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. जो येतो तो त्यातला अर्धा कापून नेतो, शेवटी भुगा उरतो. संपादक डोलोरेस फोनवर हसत होती. 'तू त्यांच्यातलाच, म्हणून तुला खपतं.'

त्यांच्यातलाच. आमच्या घरीही तीनदाच विचारायचे. मी दोनदा विचारलं.

१४ जानेवारी

लेख आला. कॅफेतली वेट्रेस मोठ्यानं वाचत होती. 'मेला आमच्या घरी जेवून गेलाय की काय!' सगळे हसले. मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, 'एल्डनला कोणी विचारलंच नसेल का गं?'

'विचारलं असेल कोणी शहरातल्यानं. पहिल्या नाहीवर गेला असेल निघून.'

अंडी तशीच टाकून उठलो.

१५ जानेवारी

सोमवारचा मजकूर दिला नाही. डोलोरेसला सर्दी सांगितली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१६ जानेवारी

हॉस्पिटल. एल्डनची मुलगी कॅरिन दाराशीच भेटली. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, 'त्या दुपारी बाबांपाशी थांबलेला गाडीवाला मी.'

तिनं मागचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, 'मी येणारच नव्हते. मी तिकडे लांब, डलूथ शहरात होते. बाबांना ते माहीत होतं.'

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं यंत्रातून कॉफी आणून दिली. बाबा झोपलेत, उद्या या, म्हणाली.

१७ जानेवारी

एल्डननी माझीच माफी मागितली. 'तुम्हाला उगाच घोर लावला.' मग छताकडे बघत म्हणाले, 'दार उघडून एक पाय खाली टाकलाही होता मी. नंबरप्लेट इथलीच होती ना. म्हटलं, आपला माणूस आहे, अजून एकदा विचारेल.'

गुरुवारी सकाळी आठला डाव्या पायाची दोन बोटं काढणार आहेत. मी सातला तिथं असेन. येऊ का, असं विचारलेलं नाही.