बारीक म्हण

२ एप्रिल
डहाणूला पोचले. जमुनामावशींनी आधी चहा दिला, मग झाडू! खाडीकाठची त्यांची खोली झकास आहे. सुक्या मासळीचा वास येतो, तो आता आपलाच समजायचा. कामही आवडीचं: पाणी तापलं, खारटपणा बदलला की जवळा कुठं सरकतो ते पाहायचं. नखाएवढी कोलंबीच ती, पण बाकीची मासळी त्याच्या मागं येते.

५ एप्रिल
यंदा पाणी भलतंच तापलंय. जवळा खोल, गार पाण्यात गेला असणार. मावशींचा दीर प्रविण रोज रिकामी बोट आणतो. वाळवणाचं अंगण ओस पडलंय. इथं जवळ्याचं नाव कुणी घेत नाही. का, ते मावशींना विचारलं.

"संगिता, त्याला 'बारीक' म्हण. नाव घेतलं का जवळ येते."

मी हसले. येऊ दे की, तेच तर हवंय! खाडीत गुडघाभर उभी राहून जवळ्याला नावानं हाका मारल्या. मावशींनी धावत येऊन माझं तोंड दाबलं. मला रागच आला.

६ एप्रिल
हंड्यात जवळा. जिवंत. नळाच्या गोड्या पाण्यात तो टिकायला नको. खारटपणा-तापमानाचं मीटर बुडवलं, तर पाणी समुद्राइतकं खारट आणि या उन्हाळ्यात खोल दर्यासारखं गार. प्रविणची जाळी मात्र रिकामीच. मावशी म्हणतात, ते बोटीकडे नाही, बोलावणाऱ्याकडे येतं. मी आजच कासा गावी त्यांच्या बहिणीकडे जावं, दर्यापासून लांब. मी साफ नाही म्हटलं.

८ एप्रिल
बादलीत. तांब्यात. ओतून देते, पुन्हा येतात. मीही हट्टानं, मोठ्यानं नाव घेते. एवढ्याशा किड्याला भिऊन पळणाऱ्यातली मी नव्हे.

९ एप्रिल
भर उन्हात बसले, घाम नाही. अंग गार. थुंकी खारट लागली, तिला मीटर लावलं — हंड्याचाच आकडा. भीती वाटतेय. लिहून टाकलं, बस्स.

१० एप्रिल
मावशी दाराशी रडल्या. प्रविण जीप घेऊन उभा होता. परत पाठवला. जाऊन काय होणार? पाणी आता हंड्यात नाही, माझ्यात आहे. जवळ्याला हवं तसं गार. हवं तसं खारट —

११ एप्रिल
पापणीखाली चुळबुळ. आरशात बघणार नाही.
तोंड घट्ट मिटलंय, तरी आतून हाका येतायत. बारीक, असंख्य. संगिता — संगिता —
घ्या, म्हणावं, खुशाल घ्या नाव. मी काही जवळा नाही, नाव घेतलं की जवळ